थ्रेड : शिधापत्रिकेने उत्पन्न कधी विचारले?

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तेथून मुंबई बंदरात उतरणारा तांदूळ थांबला. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. कलकत्त्यात ते जानेवारी १९४४ मध्ये आले. तोवर बंगालच्या दुष्काळाने लाखो माणसे गिळली होती.

मुंबईच्या त्या पत्रिकेने कोणाचे उत्पन्न विचारले नाही. मलबार हिलचा शेठ असो वा लालबागचा गिरणी कामगार, नाव दोघांचेही शिधावाटपाच्या नोंदीत होते. (शेठजींना काळाबाजारही खुला होता, हा भाग निराळा.)

त्याच लोहमार्गावर उत्तरेला शंभराहून अधिक किलोमीटरवर वाणगाव. डहाणू-उंबरगावच्या या पट्ट्यात वारली कुटुंबाचे पावसाळ्यातले धान्य जमीनदाराच्या घरून येई. त्याचे नाव खावटी. सुगीनंतर ती व्याजासह फेडायची; फिटली नाही तर वेठ. शहरात धान्य पत्रिकेवर मिळत होते, इथे माणूस गहाण पडून. मे १९४५ मध्ये झरी येथे गोदावरी व शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली, तिचा रोख याच वेठीवर होता.

सर्वांसाठीच्या शिध्याचे तत्त्व १९९७ मध्ये मोडले आणि 'लक्ष्यित' वितरण आले. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात पत्रिकेला रंग मिळाले : वार्षिक १५,००० रुपयांपर्यंत पिवळी, १ लाखापर्यंत केशरी, त्यापुढे शुभ्र. चारचाकी असली की केशरी गेली. आता पत्रिकेच्या रंगावरून घराची ऐपत ओळखू येऊ लागली.

फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यात अन्नसुरक्षा कायदा लागू झाला. ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के, शहरी भागातील ४५.३४ टक्के लोक त्यात यायचे. प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा : ग्रामीण ४४,०००, शहरी ५९,००० रुपये. म्हणजे शहरात अख्ख्या कुटुंबाला दिवसाला सुमारे १६२ रुपये. गोवंडीच्या खोलीचे भाडे आणि आडगावातल्या शहराचे भाडे यांत या आकड्याने फरक केला नाही. त्यामुळे केशरी पत्रिका हाती असूनही धान्य नाही, अशी कुटुंबे शहरोशहरी उरली.

बोईसरचे कोडे आणखी अवघड. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत. २०११ च्या जनगणनेत गाव शहरांच्या यादीत, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. नियमित पगाराचा एकटा कामगारही ४४,००० ची रेषा सहज ओलांडतो. वाणगावच्या मिरचीच्या मळ्यात रोजाने राबणारी बाई तिच्या आत राहते. दोघांचा बाजार मात्र एकच.

शिवाय इथला आदिवासी मजूर दिवाळीनंतर वीटभट्टीवर वा बांधकामावर जातो. पत्रिका गावच्या दुकानाशी बांधलेली. ऑगस्ट २०१९ मध्ये दुसऱ्या राज्यातही धान्य देण्याची सोय सुरू झाली, तेव्हा पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र-गुजरात होते. तलासरीहून वापीला गेलेल्या मजुराला आता तिथल्या दुकानात शिधा मागता येतो, यंत्राने त्याचा अंगठा ओळखला तर.