परग्रहावर कुणी असेल, तर येशू तिथेही गेला होता का?

एलियन म्हटलं की आपल्याला सिनेमे आठवतात. पण या विषयावर युरोपातल्या चर्चच्या पंडितांनी दुर्बीण येण्याच्या कितीतरी आधीपासून डोकेफोड केलीय.

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये. तिथल्या विद्यापीठात तेव्हा ॲरिस्टॉटलचा दबदबा. त्याचं म्हणणं, जग एकच, दुसरं असूच शकत नाही. १२७७ साली पॅरिसचे बिशप तांपिये यांनी २१९ विधानांवर बंदी घातली. त्यातलं एक होतं, ‘देव एकापेक्षा जास्त जगं निर्माण करू शकत नाही’. म्हणजे बघा, देवाला काय जमत नाही हे सांगणारे तुम्ही कोण? दुसरी जगं आहेत असं बिशप म्हणत नव्हते. पण दार किलकिलं झालं, तेही श्रद्धेच्याच हाताने. ‘अनंत कोटी ब्रह्मांडनायक’ ऐकत वाढलेल्या आपल्याला यात विशेष वाटणार नाही. तिथे मात्र ही मोठीच गोष्ट होती.

पुढे १४४० मध्ये निकोलस ऑफ क्युसाने सरळ लिहिलं की इतर ताऱ्यांवरही रहिवासी असावेत. त्याला शिक्षा? छे! आठ वर्षांत तो कार्डिनल झाला.

मग ब्रूनोला १६०० साली रोममध्ये जिवंत का जाळलं? ‘एलियन मानले म्हणून’ हे उत्तर मला अर्धवट वाटतं. त्याची असंख्य जगं आरोपांमध्ये होती, हे खरं. पण येशूचं देवत्व, कुमारी मेरी, प्रभुभोजन यांवरची त्याची मतंही होती. खटल्याचे मूळ कागद हरवलेत, हाती आहे तो फक्त सारांश. जाळणं अर्थातच भयंकर होतं, त्यात वाद नाही.

खरा पेच जगं किती, हा नव्हताच. ख्रिस्ती श्रद्धेनुसार आदमाने पाप केलं, ते सगळ्या माणसांत उतरलं आणि येशूने क्रूसावर मरून त्यातून सुटका केली. आता परग्रहावरचे लोक आदमाचे वंशज नाहीत. मग ते पापी कसे? आणि असलेच, तर येशूने तिथे जाऊन पुन्हा मरायचं? हा प्रश्न पंधराव्या शतकात फ्रेंच फ्रान्सिस्कन पंडित व्होरिलाँग यांनी हाताळलाय! त्यांचं उत्तर असं की तिकडचे लोक आदमाच्या पापात नाहीत, आणि इथलं एक मरण अनंत जगांनाही पुरेल.

आता थेट २००८. व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर फुनेस स्वतः खगोलशास्त्रज्ञ. व्हॅटिकनच्याच वर्तमानपत्रात ते म्हणाले, पृथ्वीवरच्या प्राण्यांना आपण भाऊ-बहीण मानतो, मग परग्रहवासीही भाऊच की. पापाचं काय? त्यांनी बायबलमधल्या हरवलेल्या मेंढराची गोष्ट काढली. शंभरातलं जे एक हरवलं, ते कदाचित आपणच असू.

पुढच्याच वर्षी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीने जगभरच्या शास्त्रज्ञांना बोलावून परग्रहावरच्या जीवसृष्टीवर पाच दिवस चर्चा घडवली. भेटू पुढच्या भागात!