हुंडीपासून बिटकॉइनपर्यंत: वचन कोण पाळतं?

मंडळी, पानिपतची ती चिठ्ठी आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. १४ जानेवारी १७६१ ची लढाई, आणि त्यानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती लागलेलं एका सावकाराचं पत्र. त्यात मोत्यांचा, मोहरांचा आणि खुर्द्याचा हिशेब होता, असं सांगतात. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे तुमच्याआमच्यासारखे. माणसांची मोजदाद पैशाच्या भाषेत लपवलेली.

क्रिप्टोग्राफी म्हटलं की आपल्याला असं काहीतरी आठवतं. आज आपला विषय मात्र वेगळ्या वाटेनं जाणारा आहे, म्हणून हे पत्र सुरुवातीलाच बाजूला ठेवू. बिटकॉइनमध्ये गुप्त असं फार थोडं आहे. ३ जानेवारी २००९ पासूनचा प्रत्येक व्यवहार इथे मुलुंडला घरी बसून कुणालाही पाहता येतो. तिथली क्रिप्टोग्राफी दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला आहे: हा शब्द खरंच ज्याचा म्हणतात त्याचा आहे का? आणि हेच पैसे आधी दुसऱ्या कुणाला दिलेले तर नाहीत ना?

आता हे दोन्ही प्रश्न या शहराला नवे नाहीत, बरं का. हुंडी घ्या. हुंडीत रक्कम आकड्यात लिहायची, अक्षरात लिहायची, आणि शिवाय असंही लिहायचं की निम्मे रुपये पाचशे, त्याची दुप्पट हजार पुरे द्यावेत. आम्हाला पूर्वी हा नुसता जुना डौल वाटायचा. तो डौल नव्हता. कुणी एक शून्य वाढवलं तर निम्म्याचा हिशेब जुळत नाही आणि लबाडी जागच्या जागी उघडी पडते. संगणकवाले ज्याला चेकसम म्हणतात, त्याची ही पेढीवरची आवृत्ती.

हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत द्यायचे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. पण मूळ हुंडी आधीच पटली असेल तर पेठेवर पैसे मिळायचे नाहीत. पैसे चुकते होऊन रद्द झालेल्या हुंडीला नाव होतं खोखा. म्हणजे एकच रक्कम दोनदा उचलली जाऊ नये याची काळजी शब्दाशब्दांत होती. आणि शाहजोग हुंडी तर कुणाही वाटसरूला पटत नसे. ती आणणारा बाजारात पत असलेला ‘शाह’ हवा. इथे कागदाची खात्री माणूस देतो.

नैयायिक याला शब्दप्रमाण म्हणतील. डोळ्यांनी दिसतं ते प्रत्यक्ष, धुरावरून अग्नी ओळखतो ते अनुमान, आणि विश्वासू माणसानं, म्हणजे आप्तानं सांगितलं म्हणून जे कळतं ते शब्द. पेढीचा सारा कारभार आप्तवाक्यावर चालायचा. १९७० नंतरच्या गणितज्ञांची महत्त्वाकांक्षा काय होती, तर आप्ताची गरजच उरू नये. ज्यानं त्यानं स्वतः तपासावं, अनुमानानं खात्री करून घ्यावी.

१९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली: एक खासगी, एक जाहीर. खासगी किल्लीनं केलेली सही जाहीर किल्लीनं कुणालाही तपासता येते, पण तशी सही दुसऱ्या कुणाला करता येत नाही. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मूळ संख्यांच्या गुणाकारावर ती उभी करून दाखवली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार चटकन होतो, गुणाकारावरून त्या संख्या शोधायच्या तर जन्म पुरत नाही. बिटकॉइनचं गणित वेगळं आहे, पण स्वभाव तोच. भेळ कालवायला अर्धं मिनिट, कांदा-चुरमुरे-शेव पुन्हा वेगळे करून दाखवा!

डिजिटल रोखीची पहिली नीट योजना डेव्हिड चॉम यांची, १९८२ ची. त्यांनीच दिलेलं उदाहरण आमच्या पिढीला लगेच कळेल, कारण आम्ही कार्बन पेपरवर वाढलो. पाकिटात कागद, वर कार्बन. बँक पाकिटावर सही करते, ती आत उमटते, पण आतल्या नोटेचा नंबर बँकेला दिसत नाही. नोट खरी आहे हे बँकेला कळतं, ती कुणाची हे कळत नाही. चॉम यांनी त्यावर १९८९ मध्ये डिजिकॅश ही कंपनी काढली, १९९८ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. एक अडचण तर गणितातच होती. संगणकावरची नोट म्हणजे आकडा, आणि आकड्याची नक्कल फुकट होते. तीच नोट दोनदा खर्च झाली का, हे पाहायला शेवटी बँक लागतच होती. लोकलची कुपनं आठवतात? स्टेशनावरच्या यंत्रात घातलं की तारीख-वेळ उमटायची आणि ते कुपन कामातून जायचं. आकड्यावर असा शिक्का मारणार कोण?

३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो या नावानं कुणीतरी नऊ पानांचा लेख प्रसिद्ध केला. हा कोण, ते आजवर उलगडलेलं नाही. त्याचं उत्तर आपल्या सोसायटीच्या इतिवृत्तात दडलेलं आहे. दर सभेत पहिला विषय काय असतो? मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. प्रत्येक सभा मागच्या सभेला बांधलेली. मधलं एक पान बदलायचं तर पुढची सगळी पानं बदलावी लागतात. आता समजा वही सेक्रेटरीच्या कपाटात नाही, तिची प्रत हजारो सभासदांच्या घरी आहे, आणि नवं पान लिहिण्याचा मान मिळवण्यासाठी प्रत्येकाला एक अवघड, वीजखाऊ कोडं सोडवावं लागतं. ज्याचं आधी सुटेल त्याचं पान लागतं, आणि त्याला नवी नाणी मिळतात. खोटी वही लिहायची तर बाकी सगळ्यांनी मिळून खर्च केलेल्या विजेशी एकट्यानं स्पर्धा करायची. याला म्हणतात ब्लॉकचेन. आप्त हटला, त्याच्या जागी विजेचं बिल आलं.

आमच्या एका बोरिवलीच्या विद्यार्थ्याला हे सगळं तोंडपाठ होतं. त्याची खासगी किल्ली बारा इंग्रजी शब्दांत लिहिलेली होती, एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर. घराला रंग काढला तेव्हा वही रद्दीत गेली. पैसे आजही त्या साखळीत दिसतात, जागच्या जागी. तो आम्हाला विचारत होता, “सर, अर्ज कुठे करायचा?” बँकेत निदान मॅनेजरपुढे जाऊन भांडता येतं.

आता स्वतःच स्वतःची अंमलबजावणी करणारे करार. ही कल्पना निक साबो यांची, १९९० च्या दशकातली. त्यांचं आवडतं उदाहरण नाणं टाकलं की थंड पेयाची बाटली देणाऱ्या यंत्राचं. वकील नको, कोर्ट नको. २०१५ मध्ये इथेरियम आलं आणि असे करार प्रत्यक्ष लिहिता येऊ लागले. २०१६ मध्ये ‘द डाओ’ नावाचा सामायिक निधी उभा राहिला, पंधरा कोटी डॉलरच्या आसपास. संचालक मंडळ नाही, कायदा म्हणजे प्रोग्राम. त्या प्रोग्राममध्ये एक फट होती: पैसे आधी हातात द्यायचे आणि वहीत नोंद मग करायची. १७ जूनला एकानं नोंद व्हायच्या आत पुन्हा मागितले, पुन्हा मागितले, आणि ३६ लाख इथर बाजूला काढले.

इथे खरी गंमत आहे. तो चोर होता का? करारात होतं तेवढंच त्यानं केलं. विट्गेनश्टाइन शिकवताना आम्ही वर्गात म्हणायचो, नियम स्वतःचा अर्थ स्वतः सांगत नाही. विद्यार्थी जांभया द्यायचे. २०१६ साली या एका मुद्द्यावर जगभरचे प्रोग्रामर महिनाभर भांडत होते! अखेर २० जुलैला बहुतेकांनी मिळून वही मागे फिरवली आणि पैसे परत केले. ज्यांना ते पटलं नाही त्यांनी जुनीच वही पुढे चालवली, तिला इथेरियम क्लासिक म्हणतात. ज्या वहीला कुणी हात लावू शकत नाही म्हणत होते, तिला माणसांनी बसून, ठरवून हात लावला.

आमच्या मते हा प्रश्न मुंबई बंदरानं आधीच पाहिलेला होता. जोखमी हुंडी नावाचा प्रकार होता. गलबतावर माल चढवायचा, त्यावर हुंडी काढायची. माल सुखरूप पोचला तर पैसे द्यायचे, बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचं नुकसान. अट आणि फळ दोन्ही कागदावर, विमाही त्यातच. पण माल भिजलेला पोचला तर? अर्धा समुद्रात टाकावा लागला तर? गलबत ‘पोचलं’ हे कुणी म्हणायचं? अशा वेळी बाजारातल्या जाणत्यांना विचारावं लागे, नाहीतर कोर्टाची पायरी. १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा झाला, तेव्हा इंग्रजांनीही देशी भाषांतल्या हुंड्यांबाबत स्थानिक रिवाज कायम ठेवला. आजच्या करार-प्रोग्रामलाही पाऊस पडला की नाही, माल आला की नाही, हे बाहेरच्या कुणाकडून तरी घ्यावं लागतं. म्हणजे मागच्या दारानं आप्त परत आलाच. फक्त या वेळी त्याची पत तपासणारा बाजार नाही, ही आम्हाला जास्त काळजीची गोष्ट वाटते.

रिझर्व्ह बँकेचं थोडक्यात सांगतो. एप्रिल २०१८ मध्ये तिनं बँकांना या चलनांच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. पुढे १ डिसेंबर २०२२ ला बँकेनं स्वतःचा ई-रुपया सामान्य लोकांसाठी चाचणी म्हणून आणला, पहिल्या चार शहरांत आपली मुंबई होती.

खिशातली नोट काढून बघा. गव्हर्नरच्या सहीवर धारकाला रक्कम अदा करण्याचं वचन छापलेलं आहे. ई-रुपयामागेही तीच बँक उभी आहे. बिटकॉइनवर असं वचन देणारं कुणी नाही, आणि त्याच्या चाहत्यांना तेच आवडतं. तिसऱ्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.