सिंदखेड राजा : एका दिवसाची फेरी

जालन्याहून मेहकरकडे जाणारा जुना मुंबई-नागपूर रस्ता बुलढाणा जिल्ह्यांत शिरला, कीं थोड्याच वेळांत सिंदखेड राजा हें गांव लागतें. राजवाड्याचा भव्य दरवाजा रस्त्यावरूनच नजरेंत भरतो. मोरोक्कोंतील फेझसारख्या प्राचीन शहरांत परका मनुष्य माहितगाराच्या सोबतीवांचून चार गल्ल्याहि ओलांडूं शकत नाहीं. सिंदखेडास वाट चुकण्याची भीति नाहीं. येथें माहितगार हवा तो रस्ता दाखविण्यासाठीं नव्हे, तर जें पाहिलें त्याचा अर्थ सांगण्यासाठीं.

फेरीची सुरुवात राजवाड्यापासून होते, व तें स्वाभाविकच आहे. लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई हिचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजीं येथें झाला. दर वर्षीं त्या दिवशीं सिंदखेडास लोकांचा महापूर लोटतो. यानंतर रंगमहाल आणि त्याची सुप्रसिद्ध कथा! रंगपंचमीच्या दिवशीं बाल शहाजी व जिजा यांनीं एकमेकांवर रंग उधळला, लखुजी थट्टेनें ‘जोडा शोभतो’ असें बोलून गेले, आणि मालोजी भोसल्यांनीं भर सभेंत उठून तो शब्द पक्का धरला. कथा गोड आहे, सांगणाराहि ती रंगवून सांगतो. परंतु ती उत्तरकालीन बखरींतली आहे, हें विसरतां कामा नये. शिवाय तिच्यामुळें जाधव-भोसले संबंध म्हणजे जणूं व्याह्या-व्याह्यांचा लटका रुसवा, असा ग्रह होतो. वस्तुस्थिति याहून पुष्कळ कठोर होती.

ती समजून घ्यावयाची तर लखुजींच्या समाधीकडे गेलें पाहिजे. घडीव दगडाची ही घुमटी इतकी प्रचंड आहे, कीं हिंदु सरदाराची एवढी मोठी समाधि क्वचितच पाहावयास मिळते. तिची घडण दख्खनच्या सुलतानांच्या कबरींची आठवण करून देते. ज्यांची चाकरी केली त्यांच्याच शिल्पाचा हा ठसा आहे.

लखुजी हे अहमदनगरच्या निजामशाहींतील मातबर सरदार. खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरल्यावरून जो प्रसंग उद्भवला, त्यांत त्यांचा पुत्र दत्ताजी आणि शहाजींचा चुलतभाऊ संभाजी असे दोघेहि मारले गेले. पुढें लखुजी मोगलांस मिळाले. १६२४ मध्यें भातवडीच्या रणांगणावर शहाजी मलिक अंबरच्या बाजूनें लढत होते, तर लखुजी मोगलांच्या. पिता एका फौजेंत, पति दुसऱ्या! त्या वेळीं जिजाबाईंच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याविषयीं कागदपत्रें मुकीं आहेत.

कालांतरानें लखुजी पुन्हा निजामशाहीकडे आले. २५ जुलै १६२९ रोजीं ते दौलताबादच्या किल्ल्यांत मुर्तजा निजामशहाच्या दरबारीं मुजऱ्यास गेले असतां त्यांच्यावर मारेकरी घालण्यांत आले. लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी, आणि नातू यशवंतराव हे सर्व जागच्या जागीं ठार झाले. एका दिवसांत एका घराच्या तीन पिढ्या कापल्या गेल्या. या घटनेनंतर शहाजींनीं निजामशाही सोडली. आणि त्यानंतर सातव्या महिन्यांत, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. बाप आणि दोन भाऊ मारले गेल्याची वार्ता जिजाबाईंच्या कानीं पडली, ती गरोदरपणांत. परक्याच्या चाकरींत पराक्रमाचें मोल काय, हें त्यांना कोणीं समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

गांवांत पाहण्यासारखें आणखीहि आहे. नीळकंठेश्वराचें मंदिर लखुजींच्या काळाहून जुनें आहे. काळ्या कोटाच्या भिंतींची जाडी पाहिली म्हणजे घराण्याच्या बळाची कल्पना येते. पुढच्या शतकांतहि लढायांनीं या प्रदेशाची पाठ सोडली नाहीं. जवळच साखरखेर्डा येथें १७२४ मध्यें निजामउल्मुल्कानें मुबारिजखानाचा पराभव केला. १७५७ च्या डिसेंबरांत तर खुद्द सिंदखेडाभोंवतींच मराठे व निजामअली यांचा संग्राम झाला. त्या वेळीं येथील रामचंद्र जाधव निजामाच्या पक्षास होते. १८०४ च्या आरंभीं जनरल वेलस्लीनें या गांवाचें वर्णन चोरांचा अड्डा असें केलें, आणि मुलखांत माणसें शेंकड्यांनीं उपाशीं मरत असल्याचें लिहून ठेविलें. पिढ्यान्‌पिढ्या फौजा तुडवून गेल्या, त्याचा हा परिणाम.

पुतळा बारवेंतील शिल्पें पाहून दिवसाच्या अखेरीस मोती तलावावर यावें. तलावाचा दगडी बांध म्हणजे नुसती भिंत नव्हे. त्याच्या पोटांत पायऱ्या व बसण्याच्या जागा आहेत, आणि येथून खालीं गांवाकडे पाणी नेण्याची सोय होती. पलीकडे चांदणी तलावाच्या मधोमध एक इमारत उभी आहे. लढवय्या म्हणून गाजलेल्या या घराण्याच्या गांवांत पाण्याची इतकी बारकाईनें केलेली व्यवस्था पाहून नवल वाटतें. ज्यास एकच दिवस काढतां येतो, त्यानें हा क्रम उलटा धरावा: सकाळीं तलाव, मग समाधि, आणि सर्वांच्या शेवटीं राजवाडा. घाईचा प्रवासी मात्र रस्त्यालगतचा दरवाजा पाहून तेथूनच मेहकरची वाट धरतो.