नव्याने बांधलेले इंजिन तेल का खाते? एका प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवल्या की इंजिने उघडली जातात. नवे लाइनर, नवे पिस्टन, नव्या रिंगा घालून इंजिन पुन्हा बांधले जाते. मग हंगाम सुरू होतो आणि एखाद्या होडीचा तांडेल पंधरा दिवसांत तक्रार घेऊन येतो: इंजिन तेल खातंय. सगळे भाग नवे असताना तेल जाते कुठे? पुन्हा इंजिन उघडायचे तर खर्च दुप्पट, आणि पापलेटचे दिवस हातचे जातात. या टिपणात आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू, कारण तपासाचा क्रम त्याच इतिहासातून समजतो.

१. वाफेचे युग: तेल परत येत नसे

मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझकडे निघाली. १८३३ मध्ये अर्देशीर करसेटजी वाडिया यांनी 'इंडस' या बोटीत वाफेचे इंजिन बसवले. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. त्या काळी वाफेच्या सिलिंडरला वंगण म्हणून बहुधा प्राण्यांची चरबी देत. ती वाफेबरोबर निघून जाई, आणि हे सर्वांनी गृहीत धरलेले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पृष्ठ-संघनक जहाजांवर रूढ झाला. वाफेचे पाणी पुन्हा बॉयलरमध्ये जाऊ लागले, आणि त्याबरोबर चरबीही. तिच्यातील आम्लांनी बॉयलरचे पत्रे खाल्ले. वंगण जाते कुठे, याचा माग काढणे आता बोटीवरच्या अभियंत्यांना भाग पडले. खनिज तेल आणि पाणी गाळण्याची साधने हे त्यावरचे उपाय ठरले.

याच सुमारास पिस्टनभोवतीचे तागाचे वेष्टन मागे पडले. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम यांनी फट असलेली, स्वतःच्या ताणाने सिलिंडरला टेकणारी धातूची रिंग आणली. आजची पिस्टन रिंग तिचीच वंशज आहे.

२. डिझेल: थोडे तेल जळणारच

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले. पुढे लहान इंजिनांत क्रँककेसमधले तेल थेट सिलिंडरच्या भिंतीवर उडू लागले. भिंतीवर तेलाचा पापुद्रा हवा, पण तो पातळ हवा. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार पृष्ठभाग अलग ठेवण्याचे काम हाच पापुद्रा करतो. म्हणून तेलाचा खप शून्य कधीच नसतो. तो प्रमाणात आहे का, एवढेच विचारायचे असते.

३. पृष्ठभागाचा धडा

झीज टाळण्यासाठी लाइनरवर कठीण क्रोमचा थर देण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पसरली. पण अगदी गुळगुळीत क्रोमवर तेल टिकेना, म्हणून क्रोम मुद्दाम सच्छिद्र केले गेले. साध्या लाइनरवर हेच काम होनिंगच्या एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा करतात. सुरुवातीच्या तासांत पुरेसा भार मिळाला, तर वायूचा दाब रिंगांना भिंतीवर दाबतो आणि रेघांची टोके घासून रिंग 'बसते'. भार नसेल तर दाब कमी पडतो, तेल भिंतीवर भाजते आणि काचेसारखा थर जमतो. मग रिंग बसत नाही.

४. शेत आणि समुद्र

शंतनुराव किर्लोस्करांच्या काळात, १९४६ मध्ये, पुण्याच्या खडकी भागात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. त्याच कंपनीच्या सहभागाने चंदीगडशेजारी मोहालीत १९८५ मध्ये स्वराज इंजिन्स उभी राहिली आणि तिथे ट्रॅक्टरची इंजिने बनू लागली. किनाऱ्यावर १९५० च्या दशकापासून सरकारी कर्ज आणि अनुदानातून होड्यांवर इंजिने चढली. पुढे ट्रकची इंजिनेही फेरफार करून होडीत बसली.

इंजिनाचे तत्त्व एकच, पण परिस्थिती वेगळी. ट्रॅक्टर दुरुस्तीनंतर लगेच नांगराला जुंपता येतो. शाकारलेली होडी जमिनीवर असते; तिचे इंजिन नळीने पाणी देऊन तासन्‌तास बिनभाराने चालवले जाते. काचेसारखा थर जमायला हे पुरेसे असते. शिवाय इंजिन थेट समुद्राच्या पाण्याने थंड होत असेल, तर क्षार साचू नयेत म्हणून तापमान सुमारे ५०–५५ अंश सेल्सिअसपर्यंतच ठेवतात. थंड इंजिनात पिस्टनभोवतीची फट मोठी राहते.

५. तपासाचा क्रम

१. मोजा. किती लिटर डिझेलमागे किती तेल घातले, याची नोंद ठेवा. जुन्या धाटणीच्या इंजिनात इंधनाच्या अर्धा ते एक टक्का खप फारसा चिंतेचा नसतो.

२. पातळी तपासा. होडीत इंजिन मागे कललेले असते. ट्रकची डिपस्टिक तशीच वापरली तर पातळी चुकीची दिसते. जास्त तेल भरले की क्रँक ते उडवतो.

३. गळती पाहा. ऑइल कूलर फुटला असेल तर तेल समुद्रात जाते. पाण्यावर तवंग दिसतो.

४. ब्रीदर पाहा. त्यातून जोराने वायू येत असेल तर रिंगांतून गळती आहे.

५. धूर पाहा. धुरात पाणी मिसळणारा ओला एक्झॉस्ट असेल, तर निळा धूर वाफेत लपतो. बराच वेळ संथ चालवून वेग वाढवताच धुराचा लोट आला, तर व्हॉल्व्ह गाइडवर संशय घ्या.

६. हे सारे ठीक असेल, तर रिंगा बसल्या नाहीत असे धरून, तापमान आणि तेलाचा दाब पाहत, होडी काही तास चांगल्या भाराखाली चालवा. खप कमी झाला नाही, तरच इंजिन उघडा. लाइनर चकचकीत दिसले तर पुन्हा होनिंग करून नव्या रिंगा घाला.

विचारासाठी प्रश्न

१. पृष्ठ-संघनक येईपर्यंत वंगण कुठे जाते हा प्रश्न तातडीचा का नव्हता?

२. होडी पाण्यात उतरवण्याआधी इंजिनाला भार देता येईल अशी, कोळीवाड्यातील कारखान्याला परवडणारी व्यवस्था सुचवा.