चर्चाफलक : वर्गाबाहेरचा वर्ग

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाडला महापूर नवा नाही. शिरोळ तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये त्याचा तडाखा सोसला. रस्ते पाण्याखाली गेले, की आसपासच्या खेड्यांतील विद्यार्थ्यांचा महाविद्यालयाशी असलेला संबंध तुटतो. अशा भागासाठी ऑनलाइन चर्चाफलक हे अध्यापनाचे उपयुक्त साधन ठरू शकते.

काय आहे चर्चाफलक?

शिक्षकाने प्रश्न मांडायचा. विद्यार्थ्यांनी सवडीने लेखी उत्तर द्यायचे आणि सहाध्यायांच्या मतांचा परामर्श घ्यायचा, अशी ही पद्धत आहे. ऑनलाइन तासाला सर्वांना एकाच वेळी हजर राहावे लागते, फलकाला तसे बंधन नाही. वीज किंवा नेटवर्क दोन दिवस खंडित झाले, तरी संपर्क पूर्ववत होताच मागील चर्चा वाचता येते. वर्गात बोलायला संकोचणारा विद्यार्थीही विचार करून लिहू शकतो.

२००२ मध्ये आलेल्या 'मूडल' या मुक्त प्रणालीत ही सोय विनामूल्य आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या २०१७ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातही व्हिडिओ व्याख्याने, वाचनसाहित्य आणि स्वयंचाचणी यांच्या जोडीला चर्चा हा चौथा घटक ठेवला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पूर्ण करता येतात.

प्रश्न कसा असावा?

फलक उघडला म्हणजे चर्चा आपोआप होत नाही. 'महापुराची कारणे लिहा' असे विचारल्यास पुस्तकातील किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने पुरवलेली तीच ती उत्तरे येतात. त्याऐवजी 'आपल्या गावात पाणी कोठपर्यंत आले? अतिवृष्टी, धरणांतील विसर्ग आणि नदीपात्रातील अडथळे यांपैकी कोणते कारण प्रमुख वाटते? एका सहाध्यायाचे मत पुराव्यानिशी तपासा', असे विचारावे. भूगोलाचा हा प्रश्न विद्यार्थ्याच्या अनुभवाला हात घालतो. वाणिज्य शाखेत 'उसाची बिले एकरकमी की हप्त्यांनी?' या प्रश्नावर अशीच चर्चा घडवता येईल.

शिक्षकाची भूमिका

कॅनडातील गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या अभ्यासकांनी २००० मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार अशा अध्ययनात वैचारिक, सामाजिक आणि अध्यापकीय अशा तिन्ही उपस्थिती आवश्यक असतात. त्यामुळे पुढील पथ्ये पाळावीत :

* दहा-पंधरा जणांचे गट करावेत.
* पहिले उत्तर आणि प्रतिसाद यांसाठी वेगवेगळ्या मुदती द्याव्यात.
* गुण संख्येला नव्हे, युक्तिवादाला द्यावेत.
* शिक्षकाने प्रत्येक उत्तरावर लिहू नये. चर्चा अडेल तेथे नवा प्रश्न टाकावा आणि आठवड्याअखेर सारांश मांडावा.
* चर्चा मोबाइलवर सहज उघडेल अशी, प्रामुख्याने मजकुराची असावी.
* ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांची उत्तरे कागदावर स्वीकारून फलकावर घ्यावीत.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. पुरामुळे वर्गापासून तुटलेला विद्यार्थी साधनाअभावी चर्चेपासूनही तुटला, तर फलकाचा मूळ हेतूच विफल होईल.