चार पदरी लुगड्याची वाकळ

आज इतिहासावर बोलायचं आहे, पण गडकिल्ल्यांच्या नाही. आपल्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत आणि पाळण्यात घडी घालून ठेवलेला हा इतिहास आहे. वाकळ, कुंची, झबलं, टोपडं, लोकरीचा स्वेटर. बायकांनी आपल्या माणसांसाठी हातानं केलेली ही वस्त्रं.

सुरुवात वाकळेपासून करू. पुण्याकडं हिला गोधडी म्हणतात, कानडी मुलखात कौदी, बंगालात कांथा, बिहारात सुजनी. जुन्या कापडाचे थर धावदोऱ्यानं एकजीव करायची ही विद्या देशभरातल्या बायकांची आहे, आणि ती हिशोबाची आहे. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरचं, म्हणजे माणसाच्या उंचीला पुरेल एवढं अंथरूण होतं. मापाला टेप लागला नाही. लुगड्यानंच माप दिलं.

लुगड्याचं आयुष्यही मोठं. मधे विरलं की फाटका भाग काढून दंड घालायचा. तेही जिरलं की मऊ तुकडे बाळाच्या लंगोटाला, दुपट्याला. उरलेलं वाकळेला. बाळंतविड्यातली कुंची मात्र नव्या खणाची. आपल्याकडं खण यायचे गुळेदगुड्डहून आणि इरकली लुगडी इलकलहून. पुढं कापड आपल्याच दारात तयार होऊ लागलं. 1904 साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि 1906 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापडाची गिरणी उभी केली.

आता एक गोष्ट नीट ऐका. सुईचा धंदा आपल्याकडं फार जुना. संत नामदेव महाराज शिंपी घराण्यातले, त्यांचा जन्म 1270 सालचा. पण दुकानात बसून शिवणारा तो शिंपी, त्याला मोल मिळायचं. घरात तीच सुई बाईच्या हातात आली की ते 'रिकाम्या वेळचं काम' व्हायचं. शेतातून आल्यावर, भाकरी झाल्यावर, पोर मांडीवर झोपल्यावर. हा रिकामा वेळ कुठला, ते तुम्हीच सांगा!

सुईतून पोट भरता येईल, हा विचार बायकांसाठी उशिरा आला. 1909 साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथं विधवा आणि गरजू बायकांना लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणही शिकवलं जायचं. तिकडं अमेरिकेत सिंगरनं शिवणयंत्राचं पेटंट 1851 सालीच घेतलं होतं. आपल्या देशात 1930 च्या दशकात उषा मशीन बनू लागलं, आणि हळूहळू गावात एखाद्या घरातून टकटक ऐकू येऊ लागली. पुढं शेजारणीचा ब्लाऊज शिवून मिळालेले पैसे ही कितीतरी बायकांची पहिली स्वतःची कमाई ठरली.

लोकरीचं तसंच. आपल्याकडं लोकर म्हणजे घोंगडी. पट्टणकोडोलीच्या घोंगड्या आजही नावाजलेल्या आहेत. दोन सुयांवरचं विणकाम इंग्रजी अमलात, मिशनच्या शाळांतून आपल्या लेकींच्या हातात आलं. 1962 साली चीनशी युद्ध झालं, तेव्हा देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणून पाठवले. कधीही न पाहिलेल्या मुलासाठी घातलेले ते टाके होते. सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या आपल्या जिल्ह्याला ते वेगळं सांगायला नको.

मग नायलॉन-पॉलिस्टर आलं. साडी टिकाऊ झाली, वाळायला सोपी झाली. पण तिची वाकळ निसरडी होते, घाम शोषत नाही. सुती लुगडं नेसणाऱ्या आज्या कमी झाल्या, तशी मऊ वाकळही कमी झाली. आणि आता शहरातली माणसं तीच वाकळ विकत मागतात.

इथं आपल्या गटांनी सावध व्हायचं. किंमत ठरवताना आपण कापड आणि दोरा धरतो, हात धरत नाही. समजा, एक वाकळ रोज दोन तास बसून तीस दिवसांत होते. म्हणजे साठ तास. तासाला पन्नास रुपये धरले तरी नुसती मजुरी तीन हजार होते. कापड, दोरा, वाहतूक वेगळी. हा हिशोब न मांडता 'होऊ दे, घरचंच काम' म्हणून आठशेला वाकळ दिली, तर शेकडो वर्षांचं ते फुकटपण आपणच पुढं चालवतो.

नातवाची कुंची विकू नका. ती मायेची आहे, तिला भाव नसतो. पण विकायला ठेवलेल्या वाकळेला भाव असतोच. दोन्हींत गल्लत करायची नाही.

म्हणून दोन कामं सांगते. एक, पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या एका वस्तूचे तास वहीत लिहावेत आणि त्यावरून गटाचा दर ठरवावा. दोन, वाकळ घरची असो की विकायची, तिच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव आणि साल टाक्यानं घालावं. आपल्या आज्यांनी कितीतरी वाकळा शिवल्या, पण एकीवरही कुणाचं नाव नाही. आपल्या वाकळेवर ते असू द्या.