नासपतीची साठवण व टिकवण

परसातल्या नासपतीच्या झाडाला एकदम आलेले मुबलक फळ काही महिने ताजे राखणे आणि उरलेले वाळवून, शिजवून, पाकात घालून किंवा त्याचा रस काढून वर्षभर टिकवणे. युरोपीय नासपतीचे शास्त्रीय नाव पायरस कम्युनिस. सफरचंदाप्रमाणे तीही गुलाबाच्या कुळातली. आपल्या बाजारात ती ‘पेअर’ म्हणून विकली जाते. इंग्लंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया या देशांत घरामागे नासपतीचे एखादे झाड असणे ही जुनी रीत आहे. मोठे झाड चांगल्या वर्षी शंभर किलोपर्यंत फळ देते आणि एका जातीची बहुतेक फळे आठ-पंधरा दिवसांत तयार होतात. घरच्यांनी कितीही खाल्ली, शेजारीपाजारी टोपल्या भरभरून वाटल्या, तरी ढीग उरतोच. सफरचंद चार दिवस उशिरा उतरवले तरी फारसे बिघडत नाही. नासपती एवढी मुभा देत नाही. ती किती टिकणार हे फळ उतरवण्याच्या दिवशीच ठरून जाते.

कारण नासपती आतून बाहेर पिकते. झाडावरच पिकू दिली, तर साल टणक आणि हिरवी दिसत असतानाच बियांभोवतीचा गर तपकिरी, लिबलिबीत होतो. खाताना दाताखाली वाळूसारखे कण येतात ते गरातल्या कठीण भित्तींच्या पेशींचे. झाडावर जास्त राहिलेल्या फळात हा रवाळपणा अधिक जाणवतो. म्हणून कोकणात पाडाला आलेला आंबा उतरवून अढीत घालतात, तशी नासपतीही पाडाला आली की काढायची असते. पाड ओळखायची खूण सोपी आहे. लोंबते फळ तळहातावर घेऊन हलकेच आडवे करावे. देठ फांदीपासून अलगद सुटला तर फळ तयार. ओढावे लागले तर आणखी काही दिवस थांबावे.

इथून पुढे मात्र आंब्याची आणि नासपतीची वाट वेगळी होते. आंब्याला अढीची ऊब हवी, तर बहुतेक युरोपीय नासपतींना आधी थंडी लागते. थंडीत राहिल्यावरच फळात पिकण्यासाठी लागणारा इथिलीन वायू नीट तयार होऊ लागतो. विल्यम्स जातीला त्यासाठी थोडे दिवस पुरतात, कॉमिसला महिनाभर लागतो, आंजूला दोन महिनेही लागू शकतात. त्यानंतर फळ घरातल्या उबेत, साधारण 18 ते 20 अंश सेल्सियसला ठेवले की चार-सहा दिवसांत लोण्यासारखे मऊ होते. पिकल्याची परीक्षा देठाजवळ अंगठ्याने दाबून करतात. पोट दाबून पाहण्यात अर्थ नाही. तिथे मऊ लागेपर्यंत आतला गर गेलेला असतो.

व्यापारी शीतगृहात नासपती उणे 1 ते 0 अंशाला आणि 90 ते 95 टक्के आर्द्रतेत ठेवतात. घरी तळघर, थंड कोठार किंवा फ्रीज यांवर भागवावे लागते. फळे लाकडी फळीवर किंवा उथळ तबकात एकाच थरात, एकमेकांना न टेकवता मांडावीत. सफरचंदे कागदात गुंडाळतात, पण नासपती उघडीच ठेवलेली बरी, कारण ती रोज नजरेखालून जायला हवी. डाग पडलेले, देठ तुटलेले किंवा पक्ष्याने टोचलेले फळ या मांडणीत घालूच नये. ते त्याच दिवशी शिजवावे. सफरचंदांचा शेजारही नको. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीनने नासपती अवेळी पिकते. कांदा-बटाट्याचा वास तर ती हमखास धरते.

जातींचा टिकाऊपणा फार वेगवेगळा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात येणारी विल्यम्स रसाळ, सुगंधी, पण अल्पजीवी. बर्कशायरमधल्या ऑल्डरमास्टन गावच्या एका शाळामास्तराच्या बागेत अठराव्या शतकात निपजलेली ही जात अमेरिकेत बार्टलेट नावाने रुजली. 1885 मध्ये लंडनजवळ चिझिक येथे भरलेल्या नासपती परिषदेवरून नाव मिळालेली कॉन्फरन्स सप्टेंबरअखेर उतरते आणि थंडीत नाताळापर्यंत साथ देते. नवी झाडे लावणाऱ्याने लवकरची, मधली आणि उशिराची अशा जाती निवडल्या, तर एकाच पंधरवड्यात सगळे अंगावर येत नाही.

ही विद्या जुनी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटोने काही जातींची नासपती आटवलेल्या द्राक्षरसात राखायला सांगितली. त्याच्यानंतरच्या व्हॅरोने फळकोठीच्या खिडक्या उत्तरेकडे असाव्यात, म्हणजे आत गारवा राहतो, असे लिहिले. हवाबंद बरणीची पद्धत फ्रेंच हलवाई निकोला आपेर याने 1810 च्या पुस्तकात जगापुढे ठेवली. आज घरोघरी विल्यम्सच्या सोललेल्या फोडी हलक्या साखरपाकात एक उकळी आणून गरमागरम काचेच्या बरणीत भरतात, झाकण लावतात आणि बरणी उकळत्या पाण्यात बुडवून ठेवतात. अर्ध्या लिटरच्या बरणीला वीस मिनिटे, लिटरभराच्या बरणीला पंचवीस. समुद्रसपाटीहून उंच गावी वेळ वाढवावी लागते. युरोपीय नासपती पुरेशी आंबट असते, म्हणून एवढ्यावर भागते. आशियाई नासपतीची आम्लता कधीकधी कमी पडते. सामू 4.6 च्या वर गेला की बरणीत बोट्युलिझमचे जीवघेणे विष तयार होण्याची भीती असते. त्यामुळे त्या फळांत लिंबाचा रस घालणे हा चवीचा प्रश्न राहत नाही. तिथे हयगय करू नये. चिरलेल्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकतात, ती गोष्ट वेगळी.

वाळवणात फ्रान्सच्या तुरेन प्रांताने केलेले काम पाहण्यासारखे आहे. तिथल्या रिव्हारेन गावात सोललेली अख्खी नासपती लाकडाच्या भट्टीत मंद आचेवर काही दिवस वाळवतात आणि मग एकेक फळ हाताने दाबून चपटे करतात. ‘ठोकलेली नासपती’ असेच तिचे फ्रेंच नाव आहे. ही फळे वर्षानुवर्षे टिकतात. खायच्या वेळी शिनॉनच्या तांबड्या वाइनमध्ये भिजवली की पुन्हा फुगतात. मधे बंद पडलेला हा उद्योग विसाव्या शतकाच्या अखेरीस गावकऱ्यांनी पुन्हा उभा केला. ऑस्ट्रियात वाळवलेल्या नासपतीला क्लेत्सेन म्हणतात आणि नाताळाआधी तिचा पाव भाजतात.

रस आटवणे हा दुसरा मार्ग. बेल्जियममधल्या लिएजच्या परिसरात नासपती आणि सफरचंद तासन्‌तास शिजवून, गाळून, काकवीसारखा काळपट पाक करतात. स्वित्झर्लंडमधला बिर्नेल केवळ नासपतीचा. फळ वाया जाऊ नये आणि त्याची दारूही होऊ नये, या हेतूने तिथल्या विंटरहिल्फे या मदतसंस्थेने 1950 च्या दशकापासून तो स्वस्तात घरोघरी पोहोचवला. अतिरिक्त पिकाचा याहून शहाणा उपयोग क्वचितच दिसतो.

गर साखरेत आटवून त्याच्या वड्या पाडण्याच्या पोर्तुगीज प्रकाराला पेरादा म्हणतात, कारण पोर्तुगीजात नासपती म्हणजे पेरा. पोर्तुगीजांनी गोव्यात ही कृती आणली तेव्हा हाताशी अमेरिकेहून आलेले, आकाराने तसेच दिसणारे दुसरे फळ होते. कोंकणीतला पेर आणि मराठीतला पेरू ही त्याची नावे त्याच शब्दावरून आली असे मानले जाते. गोव्याच्या नाताळात दोदोल आणि नेवऱ्यांबरोबर वाटला जाणारा लाल पेराद पेरूचाच असतो. नासपतीच्या अशा वड्या करताना लिंबू हवेच, कारण तिच्यात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही बेताचेच.

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर, हेरफर्डशायर आणि वूस्टरशायर या तीन परगण्यांत तुरट नासपतीच्या रसापासून पेरी नावाचे मद्य करतात. नासपतीतले सॉर्बिटॉल हे गोड द्रव्य यीस्टला पचत नाही, म्हणून आंबवल्यावरही पेरीत किंचित गोडी राहते.

सगळ्यांत कमी कष्टाची साठवण मात्र शिजवायच्या नासपतीची. या जाती कच्च्या खाता येत नाहीत, पिकूनही मऊ होत नाहीत, पण महिनोन्‌महिने टिकतात. बेडफर्डशायरमधल्या वॉर्डन मठावरून इंग्लंडमध्ये अशा फळांना वॉर्डन म्हणू लागले. शेक्सपियरच्या ‘द विंटर्स टेल’ नाटकात वॉर्डनच्या पाईला रंग यावा म्हणून केशर आणायचे ठरते. नेदरलँड्समधल्या खीसर विल्डमन या जातीला केशराची गरज नाही. दालचिनी घालून मंद आचेवर दोन-तीन तास ठेवली की तिच्यातल्या टॅनिनमुळे पांढरा गर आपोआप गुलाबी, मग लालसर होतो. ज्याच्याकडे जागा एकाच झाडापुरती असेल आणि ज्याला हिवाळाभर फळ हवे असेल, त्याने अशी एखादी जात लावावी. कॅटिलॅक ही जुनी फ्रेंच जात ऑक्टोबरात उतरवून थंड कोठारात ठेवली, तर तिची शेवटची फळे एप्रिलमध्ये चुलीवर चढतात, आणि तोवर बागेतल्या झाडाला नवा मोहोर आलेला असतो.